बहात्तर पट लहान मिग

मिग-२१ या लढाऊ विमानाचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७.१५ मीटर. सुटे भाग जोडून मॉडेल बनवायच्या १/७२ प्रमाणाच्या प्लास्टिक किटमध्ये ते दहा सेंटीमीटरही भरत नाहीत. हा ७२ चा आकडा आला ब्रिटिश फूटपट्टीतून. सहा फूट म्हणजे ७२ इंच, म्हणून सहाफुटी वैमानिक बरोबर एक इंचाचा होतो.

हे विमान आपल्या नाशिकजवळ, ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बनत असे. सप्टेंबर २०२५मध्ये हवाई दलाने त्याला निरोप दिला.

लांबी ७२ पट घटली की पृष्ठफळ ५,१८४ पट घटते आणि घनफळ तब्बल ३,७३,२४८ पट. पावणेनऊ टनांचे मिग या हिशेबाने जेमतेम २३ ग्रॅमचे! पण वजन किती यापेक्षा ते कुठे आहे, याला जास्त महत्त्व. खऱ्या विमानात पुढे रडार, उपकरणे, वैमानिक; त्यामुळे गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या थोडा पुढे राहतो. किटच्या नाकात मात्र नुसती हवा. गुरुत्वमध्य चाकांच्या मागे सरकला की मॉडेल नाक वर करून शेपटीवर बसते. म्हणून जोडणी करतानाच नाकात शिशाचे छर्रे भरायचे. मी एकदा विसरलो होतो. रंगकाम संपल्यावर नाकाचा शंकू उपटताना जे वाटले, ते न लिहिलेलेच बरे.

किटचा सिमेंट म्हणवणारा गोंद खरे तर चिकटवत नाही, विरघळवतो. दोन्ही कडांचे पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचे प्लास्टिक, मऊ पडते, रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंततात, द्रावक उडून जातो आणि सांधा एकजीव होतो. मध्ये रंगाचा थर असेल तर हे घडत नाही. म्हणून कडा आधी खरवडायच्या.

प्लास्टिकची जाडी मात्र प्रमाणात घटवता येत नाही. एक मिलिमीटरचा पत्रा खऱ्या विमानावर ७२ मिलिमीटरचा ठरेल, रणगाड्याला शोभेल असा! पंखांची मागची धार पॉलिश पेपरने घासून बारीक करतात ती यासाठीच.

रंगावरून शौकिनांत कायम वाद. मॉडेल ३० सेंटीमीटरवरून पाहणे म्हणजे खरे विमान साधारण २२ मीटरवरून पाहणे. मधल्या हवेमुळे रंग फिका दिसतो, तेव्हा डब्यातल्या रंगात थोडा पांढरा मिसळा, असे अनेक जण सांगतात. मला हे कारण पटत नाही. स्वच्छ हवा २२ मीटरमध्ये कितीसा रंग धुऊन काढणार? तरीही मी पांढरा मिसळतो. एवढ्याशा पंखावर गडद रंग नुसता काळपट डाग दिसतो.