पाटील, क्रांतिसिंह नाना

(३ ऑगस्ट १९०० – ६ डिसेंबर १९७६). स्वातंत्र्यसैनिक, साताऱ्याच्या प्रतिसरकारचे (ब्रिटिश राजवटीला समांतर अशा लोकांच्या सरकारचे) सर्वांत लोकप्रिय नेते, संयुक्त महाराष्ट्र चळवळीतील शेतकऱ्यांचे पुढारी आणि दोन वेळा लोकसभेचे सदस्य. संपूर्ण नाव नाना रामचंद्र पाटील; घराण्याचे मूळ आडनाव पिसाळ. वाळवा तालुक्यातील येडे मच्छिंद्र हे त्यांचे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे, परंतु त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग ज्या काळात गेला त्या काळात ते सातारा जिल्ह्यातच मोडत होते. १९४९ साली संस्थानांच्या विलीनीकरणानंतर या जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर, २१ नोव्हेंबर १९६० रोजी, दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. नानांच्या कार्याचा विचार करताना हा जुना, अखंड सातारा जिल्हा डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. त्यांच्यावर दोन्ही जिल्हे सारख्याच हक्काने आपलेपणा सांगतात, त्याचे कारण हेच आहे.

नाना पाटलांचे नाव निघाले की प्रतिसरकारचा उल्लेख आधी होतो, आणि ते योग्यच आहे. मात्र त्यामुळे त्यांच्या नंतरच्या राजकीय आयुष्याला, विशेषतः मराठी भाषकांच्या एकसंध राज्यासाठी त्यांनी केलेल्या कामाला, चरित्राच्या शेवटी दोन ओळींची जागा मिळते. वस्तुतः १९४२ ते १९४६ या काळात कृष्णाकाठच्या गावांत उभी राहिलेली माणसे, त्यांचा एकमेकांवरील विश्वास आणि सभेला पायी चालत येण्याची सवय हेच भांडवल घेऊन संयुक्त महाराष्ट्राचा लढा पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यांत पोहोचला. म्हणून ही दोन पर्वे वेगळी काढता येत नाहीत.

नानांचे शिक्षण मराठी शाळेपुरतेच झाले. काही काळ त्यांनी तलाठ्याची नोकरी केली. शेतसारा, पीकपाणी, सावकाराचे कर्ज आणि सातबाऱ्यावरची नावे यांतून शेतकऱ्याची होणारी कोंडी त्यांनी सरकारी दप्तराच्या बाजूनेही पाहिली होती, आणि त्यांच्या पुढील भाषणांतील तपशिलाचा नेमकेपणा या अनुभवातून आलेला दिसतो. सत्यशोधक विचार आणि वारकरी परंपरा या दोहोंचे संस्कार त्यांच्यावर होते. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या काळात त्यांनी नोकरी सोडली आणि ते काँग्रेसच्या चळवळीत उतरले. त्याच वर्षी शिराळा भागातील बिळाशीच्या जंगल सत्याग्रहाने वारणेचे खोरे जागे केले. पुढील बारा वर्षांत नानांनी अनेकदा कारावास भोगला.

ऑगस्ट १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात सातारा जिल्ह्यातील तालुका कचेऱ्यांवर शेतकऱ्यांचे मोर्चे गेले. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर तिरंगा लागला. ९ सप्टेंबरला वडूज येथे पोलिसांनी केलेल्या गोळीबारात परशुराम घार्गे यांच्यासह नऊजण हुतात्मा झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरच्या मोर्चावरही गोळ्या झाडण्यात आल्या. निःशस्त्र मोर्चांची ही गत पाहिल्यावर चळवळ भूमिगत झाली आणि १९४३ पासून तिला प्रतिसरकारचे रूप आले. लोकांच्या तोंडी त्याचे नाव ‘पत्री सरकार’ असे रुळले. गावोगावी न्यायदान मंडळे स्थापन झाली, दरोडेखोरांचा आणि त्यांना पाठीशी घालणाऱ्यांचा बंदोबस्त झाला, दारूबंदी अमलात आली, सावकारांच्या जाचाला आळा बसला आणि कर्ज न काढता होणारे साधे ‘गांधी विवाह’ लागू लागले. कुंडल हे गाव तुफान सेनेचे, म्हणजे प्रतिसरकारच्या स्वयंसेवक दलाचे, केंद्र बनले. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवून जी. डी. (बापू) लाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती रक्कम चळवळीसाठी ताब्यात घेतली. किसन वीर, नागनाथअण्णा नायकवडी, नाथाजी लाड, पांडुरंग बोराटे अशा कार्यकर्त्यांची स्वतंत्र कर्तबगारी लक्षात घेता प्रतिसरकार ही एका माणसाची निर्मिती नव्हती हे स्पष्ट होते. त्याचे नेतृत्व सामुदायिक होते. नानांचे स्थान त्यात वेगळे होते ते असे, की गटागटांत विखुरलेल्या या कामाला सामान्य माणूस ज्या एका नावाने ओळखत होता ते नाव त्यांचे होते. ‘आपुला आपण करू कारभार’ हा त्यांचा मंत्र होता. सरकारने त्यांची जमीन आणि घर जप्त केले, त्यांना पकडण्यासाठी बक्षीस लावले, तरी १९४६ पर्यंत ते हाती लागले नाहीत. त्यांच्या कन्या हौसाताई यांनीही या लढ्यात जोखमीची कामे केली.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेस शेतकरी-कामकऱ्यांची राहिली नाही अशी भावना महाराष्ट्रातील अनेक नेत्यांत बळावली. केशवराव जेधे व शंकरराव मोरे यांनी पुढाकार घेऊन उभारलेल्या शेतकरी कामगार पक्षात नाना दाखल झाले. तेथील वैचारिक मतभेदांनंतर ते भारतीय कम्युनिस्ट पक्षाकडे वळले. १९५५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू येथे भरलेल्या अखिल भारतीय किसान सभेच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. पक्ष बदलले तरी त्यांच्या मागण्यांचा गाभा बदललेला दिसत नाही: कसणाऱ्याला जमीन, शेतमालाला रास्त भाव आणि लोकांच्या हाती, लोकांच्या भाषेत चालणारा कारभार. शेवटच्या मागणीचा धागा थेट संयुक्त महाराष्ट्राशी जुळतो.

मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे ही मागणी मे १९४६ मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनात ठरावाच्या रूपाने पुढे आली आणि तिच्या पाठपुराव्यासाठी संयुक्त महाराष्ट्र परिषद स्थापन झाली. भाषिक प्रांतांच्या प्रश्नासाठी नेमलेला दार आयोग आणि नेहरू, पटेल व पट्टाभी सीतारामय्या यांची समिती या दोहोंनी भाषिक राज्यांच्या मागणीला अनुकूलता दाखवली नाही. डिसेंबर १९५३ मध्ये नेमलेल्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली गुजराती व मराठी भाषकांचे द्वैभाषिक मुंबई राज्य आणि वेगळा विदर्भ अशी शिफारस केली, तेव्हा महाराष्ट्रात असंतोषाचा भडका उडाला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाल्यानंतर गोळीबाराचे सत्र वाढले. या लढ्यातील १०६ हुतात्म्यांचे स्मरण महाराष्ट्र करतो. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे एरवी एकमेकांशी न पटणारे पक्ष एका मागणीसाठी एकत्र आले. एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, श्रीपाद अमृत डांगे, केशवराव जेधे, सेनापती बापट यांच्याबरोबर नाना पाटील या समितीचे प्रमुख वक्ते होते.

मुंबई कोणाची, हा वाद वाळव्याच्या किंवा माणदेशच्या शेतकऱ्याला इतका जिव्हाळ्याचा का वाटला, हे नीट समजून घेतले पाहिजे. रत्नागिरीप्रमाणेच साताऱ्यानेही मुंबईच्या गिरण्यांना आणि गोद्यांना कामगार पुरवले होते. माण-खटावसारख्या दुष्काळी तालुक्यांत पाऊस हुलकावणी देई तेव्हा घरातला एखादा तरी माणूस गिरणगावात असे आणि त्याच्या मनीऑर्डरीवर गावचे घर चाले. त्यामुळे फाउंटनला झाडलेल्या गोळीचा आवाज गावात परक्यासारखा ऐकू येणे शक्यच नव्हते. दुसरे कारण कारभाराच्या भाषेचे होते. कचेरी, न्यायालय आणि वरिष्ठ सरकारी लिखापढी इंग्रजीत चाले, आणि शेतकऱ्याला स्वतःच्याच जमिनीचा निकाल दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. नाना पाटलांचे वैशिष्ट्य असे, की ते राज्यरचनेचा प्रश्न नकाशावरून सुरू न करता या घरगुती अडचणींपासून सुरू करत. ओव्या, अभंग, म्हणी, कुस्तीच्या फडातले शब्द आणि शिवकाळाचे दाखले यांनी त्यांचे भाषण भरलेले असे. धिप्पाड देह आणि खणखणीत आवाज यांची त्याला जोड होती. शाहिरांचे पोवाडे झाले की नानांचे भाषण, हा क्रम श्रोत्यांच्या ओळखीचा होता. प्रतिसरकारच्या काळात शाहीर शंकरराव निकम यांनी जो फड गाजवला, त्याच परंपरेत संयुक्त महाराष्ट्राच्या काळात अमर शेख आणि वाळवा तालुक्यातीलच वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांनी डफ हाती घेतला.

या लढ्याची एक कडवट बाजू साताऱ्याच्या वाट्याला आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी अस्तित्वात आलेल्या विशाल द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण झाले. त्यांचे जन्मगाव देवराष्ट्रे, त्यांची कर्मभूमी कराड; १९४२ च्या भूमिगत चळवळीत तेही याच जिल्ह्यात वावरले होते. संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरूंचे नेतृत्व यांपैकी एकाची निवड करायची तर आपण नेहरूंचे नेतृत्व निवडू, ही त्यांची फलटण येथे मांडलेली भूमिका त्या काळी फार झोंबली. एका खोऱ्यातली, एका चळवळीतून वर आलेली माणसे समोरासमोर उभी राहिली. यशवंतरावांचा मार्ग वाटाघाटींचा होता, नानांचा लोकांच्या दडपणाचा. राज्य प्रत्यक्षात येण्यास दोन्ही कारणीभूत झाले असे आज म्हणता येते. परंतु मतदारांनी काँग्रेसला हादरा दिला नसता तर दिल्लीशी बोलण्यासाठी यशवंतरावांच्या हाती फारसे काही राहिले नसते, हेही तितकेच खरे आहे.

तो हादरा १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत बसला. पश्चिम महाराष्ट्रात समितीने मुसंडी मारली. मुंबईतून डांगे, पुण्यातून ना. ग. गोरे, नाशिकमधून दादासाहेब गायकवाड, राजापुरातून नाथ पै असे समितीचे उमेदवार लोकसभेत गेले आणि साताऱ्यातून नाना पाटील निवडून आले. खुद्द यशवंतराव कराडमधून थोड्याच मतांनी वाचले. गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या बळावर काँग्रेसचे सरकार टिकले, पण ज्या भागासाठी राज्य मागितले जात होते त्यातील मोठ्या भागाचा कौल स्पष्ट झाला. नानांचे गाव तेव्हाच्या दक्षिण साताऱ्यात होते आणि ते उत्तरेकडील मतदारसंघातून निवडून आले. प्रशासनाने आठ वर्षांपूर्वी आखलेली जिल्ह्याची सीमा लोकांच्या मनात उतरली नव्हती.

लोकसभेत नाना पाटील मराठीतून बोलले. ज्या सदस्याला हिंदी वा इंग्रजीत पुरेसे व्यक्त होता येत नाही त्याला अध्यक्षांच्या परवानगीने मातृभाषेत बोलण्याची मुभा संविधानाच्या १२० व्या कलमात आहे. सभागृहात मराठीतून बोलणारे पहिले खासदार म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. मराठी राज्याची मागणी घेऊन गेलेल्या प्रतिनिधीने ती मराठीतच मांडणे यात मोठा स्वाभिमान होता. मतदारसंघातील ज्या माणसाने त्यांना पाठवले, त्याला आपल्या खासदाराचे म्हणणे दुभाष्याविना कळावे, ही त्यांच्या लोकशाहीच्या कल्पनेतील पहिली अट होती.

१९५७ च्याच ३० नोव्हेंबरला प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते झाले. समितीने या प्रसंगी निदर्शने करायचे ठरवले आणि वाई-पसरणी घाटाच्या आणि पोलादपूरच्या बाजूने हजारो लोक काळी निशाणे घेऊन उभे राहिले. शिवछत्रपतींविषयीचा आदर आणि पंतप्रधानांच्या धोरणाला विरोध या दोन्ही गोष्टी एकाच रस्त्यावर, मोठा अनुचित प्रकार न घडता व्यक्त झाल्या. लढा पांगळा झालेला नाही याची खूण दिल्लीला त्या दिवशी पटली. १९५९ च्या अखेरीस द्वैभाषिकाच्या विभाजनाचा निर्णय जवळजवळ पक्का झाला आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. बेळगाव, कारवार, निपाणीचा मराठी मुलूख मात्र बाहेर राहिला.

राज्य मिळताच समितीतील पक्षांना बांधून ठेवणारा दुवा सुटला. नवे राज्य, नव्या पंचायत राज्य संस्था आणि वाढती साखर कारखानदारी यांच्या आधारे काँग्रेसने ग्रामीण महाराष्ट्र पुन्हा आपल्याकडे वळवला. १९६२ साली सातारा मतदारसंघातून काँग्रेसतर्फे किसन वीर लोकसभेवर गेले. प्रतिसरकारमधील नानांचे जुने सहकारी आता दुसऱ्या बाजूला होते. नानांनी पक्ष आणि भूमिका सोडली नाही. १९६७ मध्ये ते कम्युनिस्ट पक्षाच्या वतीने मराठवाड्यातील बीड मतदारसंघातून पुन्हा लोकसभेत निवडून आले. निजामी राजवटीतून आलेल्या, कृष्णाकाठाहून सर्वस्वी वेगळ्या इतिहासाच्या जिल्ह्याने साताऱ्याच्या या वृद्ध शेतकरी नेत्याला निवडून दिले, ही त्यांच्या कारकिर्दीतील फार मोलाची घटना आहे आणि तिची चर्चा जितकी व्हायला हवी तितकी झालेली नाही. १९५६ पूर्वी वेगवेगळ्या राज्यांत असलेले हे दोन मुलूख एका राज्यात आले नसते, तर अशी उमेदवारी सहसा घडली नसती.

सत्तेचे पद त्यांनी कधी भूषवले नाही. कारखाना, बँक किंवा शिक्षणसंस्था यांचे जाळेही त्यांनी स्वतःभोवती उभे केले नाही. पश्चिम महाराष्ट्राच्या राजकारणात टिकून राहण्याचा तो रूढ मार्ग होता. त्यामुळे त्यांच्या मागे वारसांचा गट राहिला नाही, आणि पुढील पिढ्यांच्या राजकीय लेखनात त्यांना कमी जागा मिळण्यामागे हेही एक कारण संभवते. ६ डिसेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले. वाळवा येथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले. साताऱ्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय आणि शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय यांना त्यांचे नाव देण्यात आले आहे.