छतावर सोलर बसवायचंय? आधी लाइट बिलावरचं नाव बघा

सोलरवाल्याला फोन लावण्याआधी घरातलं शेवटचं लाइट बिल समोर घेऊन बसा. घराच्या छतावरच्या सोलरसाठी केंद्राचं अनुदान देणाऱ्या ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजने’त अर्ज करताना लागणारी बहुतेक माहिती त्या एका कागदावर असते आणि अर्ज अडतो तोही बहुतेकदा त्याच कागदामुळे.

गावाकडच्या कितीतरी घरांत मीटर अजून आजोबांच्या नावावर असतो. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, बिल आपण भरतो, वीज आपण वापरतो, म्हणून कुणाला काही खटकत नाही. आमच्याकडेही तेच होतं. अनुदान मात्र वीजग्राहक म्हणून ज्याची नोंद आहे त्याच्या बँक खात्यात जमा होतं. हयात नसलेल्या माणसाच्या नावावर अर्ज करता येत नाही आणि मुलाचं खातं देऊन भागत नाही. त्यामुळे पहिली पायरी योजनेच्या पोर्टलवरचा अर्ज नाही, तर नावबदल ही आहे. महावितरणच्या ऑनलाइन ग्राहक सेवेतून किंवा उपविभागीय कार्यालयातून हा अर्ज करता येतो. मृत्यूचा दाखला, इतर वारसांची ना हरकत आणि घराच्या मालकीचा कागद जोडावा लागतो. गावात नमुना 8 चा उतारा किंवा घरपट्टीची पावती चालते, शहरात मालमत्ता कराची पावती किंवा इंडेक्स 2. थकबाकी असेल तर ती आधी भरून टाका. भावाभावांत घराच्या वाटण्या झालेल्या नसतील तर ना हरकत मिळायला वेळ लागतो. म्हणूनच हे काम सगळ्यात आधी हाती घ्या.

नाव स्वतःचंच असेल तरी त्याचं स्पेलिंग तपासा. बिलावर वडिलांचं नाव नुसत्या आद्याक्षरात, आधारवर पूर्ण आणि पासबुकावर आडनाव आधी, असा प्रकार घरोघरी दिसतो. तिन्ही ठिकाणी एकच नाव करून घेतलं की पुढचा मनस्ताप वाचतो.

योजनेत कोण बसतं

अर्जदार भारतीय नागरिक असावा, घराला सोलर बसेल असं स्वतःचं छत असावं, चालू घरगुती वीजजोडणी असावी आणि सोलरसाठी याआधी सरकारी अनुदान घेतलेलं नसावं. अटी एवढ्याच. योजनेची घोषणा फेब्रुवारी 2024 मध्ये झाली. देशभरातल्या 1 कोटी घरांपर्यंत पोहोचायचं उद्दिष्ट आहे आणि मुदत 2026-27 या आर्थिक वर्षाअखेरपर्यंत आहे.

केंद्राचं अनुदान पहिल्या 2 किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला 30,000 रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला 18,000 रुपये असं मिळतं. म्हणजे 1 किलोवॅटला 30,000, दोनला 60,000 आणि तीनला 78,000. त्यापुढे 5 किलोवॅट बसवा की 8, आकडा 78,000 वरच थांबतो. गृहनिर्माण संस्थांना लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी प्रति किलोवॅट 18,000 रुपये मिळतात. फ्लॅटधारकाला एकट्यासाठी बसवायचं असेल तर गच्ची सगळ्यांची असल्याने सोसायटीची लेखी संमती हवी.

महाराष्ट्रात याला राज्याच्या ‘स्मार्ट’ योजनेची, म्हणजे स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप योजनेची जोड आहे. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला 1 किलोवॅटसाठी राज्याकडून आणखी 17,500 रुपये मिळतात. महिन्याला 100 युनिटपेक्षा कमी वापर असलेल्या घरांना 10,000 रुपये आणि त्यात अनुसूचित जाती-जमातीचे ग्राहक असतील तर 15,000 रुपये. ज्यांना सोलर म्हणजे बंगलेवाल्यांचं काम वाटतं त्यांच्यापर्यंत ही माहिती पोहोचायला हवी.

किती किलोवॅट बसवायचं

इथे घाई करू नका. बिलावर मागच्या 12 महिन्यांचा वापर छापलेला असतो. त्याची बेरीज करा, 12 ने भागा. महिन्याला सरासरी 150 युनिटपर्यंत वापर असेल तर 1 ते 2 किलोवॅट, 150 ते 300 असेल तर 2 ते 3 किलोवॅट पुरतं. आपल्याकडच्या उन्हात 1 किलोवॅटमधून दिवसाला साधारण 4 युनिट, म्हणजे महिन्याला 120 च्या आसपास वीज मिळते आणि त्यासाठी साधारण 100 चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. समोरच्या नारळाची किंवा पाण्याच्या टाकीची सावली दुपारी कुठे पडते ते स्वतः गच्चीवर उभं राहून बघा.

माझं आग्रहाचं सांगणं असं, की आधी वापर कमी करा आणि मग क्षमता ठरवा. जुना पंखा साधारण 75 वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा 30-35 वॅटमध्ये भागवतो. चार पंखे बदलले तरी बिलात फरक दिसतो. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटवर बदलतात, त्यामुळे वाचलेलं युनिट हे तुमच्या सगळ्यात महाग टप्प्यातलं असतं. पंखे-दिवे बदलून ज्या घराचं काम 2 किलोवॅटमध्ये होतं, त्यांनी तीनचा खर्च का करायचा?

अर्ज

पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर किंवा त्याच्या मोबाइल ॲपवर मोबाइल क्रमांकाने नोंदणी करायची. राज्य, जिल्हा, वीज कंपनी निवडायची आणि ग्राहक क्रमांक टाकायचा. महावितरणचा ग्राहक क्रमांक 12 अंकी असतो आणि बिलावर वरच्या भागातच सापडतो. मुंबईकरांनी यादीतून आपली वीज कंपनी निवडायची. आधार, अलीकडचं वीजबिल आणि बँकेचं पासबुक किंवा रद्द केलेला धनादेश जवळ ठेवा.

10 किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीची वाट पाहावी लागत नाही, तो मंजूर झाल्याचं धरलं जातं. मंजूर भार, म्हणजे तुमच्या जोडणीला ठरवून दिलेली किलोवॅटची मर्यादा, कमी पडत असेल तर तो वाढवायचं काम वीज कंपनीचं.

त्यानंतर पोर्टलवरच्या यादीतून नोंदणीकृत एजन्सी निवडा. यादीत नसलेल्या माणसाकडून काम करून घेतलं तर अनुदान नाही. निदान तीन जणांकडून लेखी दरपत्रक घ्या आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा : पॅनेल डीसीआर आहेत का? म्हणजे सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले आहेत का? अनुदान फक्त त्यांनाच मिळतं. कुणी बराच स्वस्त दर देत असेल तर बहुतेक वेळा फरक इथेच असतो. 5 वर्षांची देखभाल करारात लिहून घ्या. हातात पैसे नसतील तर 3 किलोवॅटपर्यंत सरकारी बँकांकडून विनातारण कर्ज मिळतं, त्यासाठीचा अर्ज जनसमर्थ पोर्टलवरून करता येतो.

पॅनेल बसले की त्यांचा तपशील आणि छतावरचा फोटो पोर्टलवर चढवला जातो. मग वीज कंपनी तपासणी करून नेट मीटर, म्हणजे कंपनीकडून घेतलेली आणि कंपनीला दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर, लावते आणि यंत्रणा कार्यान्वित झाल्याचं प्रमाणपत्र पोर्टलवर येतं. नियमानुसार या टप्प्याला 15 दिवसांची मुदत आहे, उशीर झाला तर लेखी विचारणा करा. प्रमाणपत्र आलं की बँक खात्याचा तपशील भरून अनुदानाची मागणी नोंदवायची. हे शेवटचं पाऊल एजन्सीवर सोडून निर्धास्त राहू नका, लॉगिन आणि ओटीपी स्वतःकडेच ठेवा.

दोन गोष्टी एजन्सीवाले बहुधा सांगत नाहीत. पहिली, बॅटरी नसलेलं हे सोलर वीज गेली की बंद पडतं. तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ते तसंच ठेवलेलं असतं. भारनियमनाच्या गावात इन्व्हर्टर-बॅटरीची सोय वेगळी करावी लागते. दुसरी, बिल शून्य होत नाही. स्थिर आकार भरावाच लागतो.

नेट मीटरनंतरचं पहिलं बिल आलं की घेतलेली आणि दिलेली युनिट मीटरवरच्या आकड्यांशी ताडून बघा. उन्हाळ्यातली जास्तीची युनिट खात्यावर साठतात आणि पावसाळ्यात वापरता येतात, पण हा हिशेब 31 मार्चला संपतो. त्या दिवशी उरलेल्या युनिटचे पैसे घरगुती दरापेक्षा बऱ्याच कमी भावाने मिळतात.