पब्लिक फुटपाथ आणि ब्रायडलवे : इंग्लंडच्या डोंगरात सायकल कोणत्या वाटेने न्यावी?

मँचेस्टर आणि शेफील्ड यांच्या मधोमध पीक डिस्ट्रिक्टचे डोंगर पसरलेले आहेत. १९५१ साली ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालेल्या या प्रदेशात झाडीने भरलेले उतार, एकाच खोऱ्यात एकामागून एक बांधलेली तीन धरणे, दगडी पूल आणि वाटसरूंना दिशा दाखवणारे जुने खांब हे सारे माउंटन बाइकच्या एका दिवसाच्या फेरीत पाहता येते. त्यामुळे नोकरी-शिक्षणासाठी तिकडे राहणाऱ्या मराठी माणसाने सायकल घेतली की ती आधी इकडे वळावी, यात नवल नाही. मात्र पहिल्याच फाट्यावर त्याची गाठ दोन पाट्यांशी पडते. एकीवर ‘पब्लिक फुटपाथ’ लिहिलेले असते, दुसरीवर ‘पब्लिक ब्रायडलवे’. दोन्ही वाटा मातीच्या, दोन्ही कोणाच्या तरी खाजगी कुरणातून जाणाऱ्या, दोन्हींवर मेंढ्या सारख्याच निवांत बसलेल्या. तरीही एकीवर सायकल चालवण्याचा हक्क आहे आणि दुसरीवर नाही. आणि कोणती कोणती, हे नुसते जमिनीकडे पाहून ओळखता येत नाही.

इथला फुटपाथ म्हणजे रस्त्याकडेची फरसबंदी नव्हे. त्या फरसबंदीवर सायकल चालवणे हा १८३५ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, पण तो विषय वेगळा. शेताशिवारांतून आणि डोंगरांतून जाणारा पब्लिक फुटपाथ म्हणजे जमीन खाजगी असली तरी जिच्यावरून पायी जाण्याचा हक्क सर्वांना आहे अशी वाट. ब्रायडलवेवर पायी जाण्याचा हक्क तर आहेच, शिवाय घोड्यावर बसून किंवा घोडा हाती धरून जाण्याचाही आहे. सायकलचा या यादीत समावेश झाला तो १९६८ च्या कंट्रीसाइड अ‍ॅक्टच्या तिसाव्या कलमाने, तेही अशा अटीवर की सायकलस्वाराने पादचाऱ्यांना आणि घोडेस्वारांना वाट करून दिली पाहिजे. या कलमाचा दुसरा भाग फारसा कोणाला ठाऊक नसतो. सायकलला हक्क दिला म्हणून ती वाट सायकलला सोयीची करून देण्याची जबाबदारी कोणावरही येत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पुढे ज्या खडबडीत उतारांचा उल्लेख येईल त्यांचे बरेचसे उत्तर या एका तरतुदीत आहे.

दोन वाटांमधला फरक मुळात कोठून आला, हे एडेल खोऱ्याच्या वरच्या टोकाला असलेल्या जेकब्ज लॅडर या चढावर जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच कोठे दिसत असेल. मोटारी आणि रेल्वे येण्यापूर्वी चेशरचे मीठ, लोकर आणि इतर माल पाठीवर लादलेल्या तट्टांचे तांडे या डोंगरांतून ये-जा करत असत आणि ते हाकणाऱ्यांना ‘जॅगर’ म्हणत. अठराव्या शतकात जेकब मार्शल नावाचा शेतकरी या चढाच्या माथ्याजवळ राहत होता. त्याने चढावर सरळ पायऱ्या खोदल्या, असे सांगतात. लादलेले तट्टू वळणावळणाच्या लांब वाटेने वर येई, तोवर माणूस पायऱ्यांनी झटपट वर पोहोचून दम खात बसे. आजही चढाच्या पायथ्याशी तट्टांसाठी बांधलेला अरुंद दगडी पूल आहे आणि तो ओलांडला की वाट दुभंगते. पायऱ्यांची वाट चालणाऱ्यांची, आणि वळसा घालून जाणारी जुनी वाट ब्रायडलवे. सायकलस्वार आज त्या दुसऱ्या वाटेने धापा टाकत चढतात. म्हणजे सायकलला जी वाट मिळते ती सायकलसाठी कोणी आखलेली नसते. ज्या वाटेवर जनावर चाले ती वाट तिला मिळते. हे एकदा ध्यानात आले की पुढचे पुष्कळसे कोडे आपोआप सुटते.

जनावराची वाट म्हणजे सपाट वाट, असा समज करून घेण्यात मात्र अर्थ नाही. एडेलहून पूर्वेकडे जाणारा ब्रायडलवे जॅगर्स क्लफ नावाच्या घळीत उतरतो आणि पुन्हा चढून होप क्रॉसपाशी पोहोचतो. होप क्रॉस हा क्रूस नसून १७३७ हे साल कोरलेला दिशादर्शक खांब आहे. त्याच्या माथ्यावरच्या चौकोनी दगडाच्या चार बाजूंवर शेफील्ड, एडेल, ग्लॉसप आणि होप ही चार गावे कोरलेली आहेत. नवख्या तांडेवाल्याला धुक्यात दिशा कळावी म्हणून तो उभारला गेला, आणि धुके आजही तितकेच दाट असते. याच खांबाजवळून एक जुना रोमन रस्ताही जातो. तेथून पाइनच्या लागवडीतून हॅगवॉटर पुलाकडे जो उतार जातो त्याला सायकलस्वारांनी ‘द बीस्ट’ असे नाव दिले आहे. सुटे दगड, गुडघाभर उंचीच्या पायऱ्यांसारखे खडक आणि पावसाने खोदलेल्या चऱ्या असा हा उतार रीतसर ब्रायडलवे आहे. पुढचे चाक दोन दगडांच्या फटीत अडकले की सायकल जागच्या जागी थांबते, स्वार मात्र पुढे जातो. सस्पेन्शन बेताचेच असलेल्या हायब्रिड सायकलवर हा उतार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. याउलट कित्येक पब्लिक फुटपाथ शेतातल्या ट्रॅक्टरच्या रुंद, घट्ट वाटेवरून जातात आणि तेथे लहान मूलसुद्धा सहज सायकल चालवू शकेल. पण चालवण्याचा हक्क तेथे नाही. वाटेची अवस्था आणि वाटेचा दर्जा यांचा एकमेकांशी संबंध नाही.

मग दर्जा ठरतो कशावर? नोंदीवर. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक कौंटीला आपल्या हद्दीतील सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा तयार करण्यास सांगितले आणि त्याला ‘डेफिनिटिव्ह मॅप’ म्हणतात. आपल्याकडच्या गाव नकाशावर एकेरी तुटक रेघ पायमार्गाची आणि दुहेरी तुटक रेघ गाडीमार्गाची असते, आणि शेतरस्त्याच्या भांडणात तहसीलदारापुढे तोच कागद आधी उघडला जातो. इंग्लंडमधल्या या नकाशाचे वजन साधारण तसेच आहे. एखादी वाट त्यावर ब्रायडलवे म्हणून दाखवली असेल तर तेवढा पुरावा पुरेसा ठरतो. पण उलट बाजू जरा नाजूक आहे. नकाशावर फुटपाथ म्हणून नोंदलेल्या वाटेवर प्रत्यक्षात याहून मोठा हक्क पूर्वापार चालत आलेला असू शकतो आणि तो जुन्या कागदपत्रांवरून सिद्ध करता येतो. सुरुवातीची पाहणी गावोगावच्या पॅरिश कौन्सिलांकडून, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतींसारख्या संस्थांकडून, झाली होती. एका पॅरिशने जी वाट ब्रायडलवे म्हणून लिहिली तीच शेजारच्या पॅरिशने फुटपाथ म्हणून लिहिली, असेही घडले. म्हणून माथ्यावर चढत गेलेला ब्रायडलवे एखाद्या अदृश्य सीमेवर एकाएकी फुटपाथ होतो, आणि त्याचे कारण डोंगरात शोधून सापडत नाही. ते दप्तरात असते.

प्रत्यक्ष फेरी आखताना ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर मालिकेतला १:२५,००० प्रमाणाचा नकाशा घ्यावा. त्यावर हिरव्या आखूड तुटक रेघा फुटपाथच्या आणि हिरव्या लांब तुटक रेघा ब्रायडलवेच्या असतात. फरक रेघेच्या लांबीचाच असल्यामुळे घाईत नजर चुकते, तेव्हा घरीच नीट पाहून घेतलेले बरे. वाटेवर बाणांचे रंग मदतीला येतात : पिवळा बाण फुटपाथचा, निळा ब्रायडलवेचा. जांभळट आणि लाल बाण बायवे म्हटल्या जाणाऱ्या वाटांचे असून त्यांवरही सायकल चालते. बाण उखडलेला असेल तर कुंपणाकडे पाहावे. पायऱ्या चढून ओलांडायचे लाकडी कुंपण असेल किंवा एका वेळी एकच माणूस वळून जाऊ शकेल असे छोटे फाटक असेल, तर ती वाट बहुधा फुटपाथ असते, कारण घोडा तेथून जाऊ शकत नाही. ब्रायडलवेवरचे फाटक किमान पाच फूट रुंद असावे लागते, आणि घोड्यावरून न उतरता उघडता यावी म्हणून त्याची कडी पुष्कळदा उंच दांड्याची असते; सायकलवर बसल्या बसल्याही ती हाताला लागते. फाटक मागे लावून घेण्याचे मात्र विसरू नये. मोबाइलच्या अ‍ॅपमधील दाट रंगवलेली रेघ इतकेच सांगते की तेथून पुष्कळ लोक सायकलने गेले; त्यांना हक्क होता की नव्हता, हे ती सांगत नाही.

फुटपाथवर सायकल चालवली तर काय होते? सामान्यतः तो फौजदारी गुन्हा नसून जमीनमालकाविरुद्धचे दिवाणी अतिक्रमण ठरते, मात्र एखाद्या जागी स्थानिक उपविधी असेल तर गोष्ट वेगळी. सायकल हाताने ढकलत फुटपाथवरून जाणे कायद्यात बसते का, याबद्दल जाणकारांत एकमत नाही. व्यवहारात उतरून चालणाऱ्याला सहसा कोणी अडवत नाही. विजेच्या सायकलची मोटार २५० वॉटच्या मर्यादेत असेल, ती पॅडल मारतानाच साथ देत असेल आणि ताशी साडेपंधरा मैलांच्या वेगाला बंद होत असेल, तर कायदा तिला साधी सायकल मानतो आणि ब्रायडलवे तिला खुला असतो. त्यापलीकडची ताकद असलेले वाहन मोटारसायकलच्या वर्गात जाते आणि ते ब्रायडलवेवर नेणे मात्र गुन्हा आहे. याशिवाय काही मालक आपल्या जमिनीतून सायकलींना आपखुशीने परवानगी देतात. ती परवानगी असते, हक्क नव्हे, आणि ती काढूनही घेता येते.

आणखी एका गोष्टीने नवख्यांची गल्लत होते. २४ एप्रिल १९३२ रोजी हेफील्डहून निघालेल्या शेकडो चालणाऱ्यांनी किंडर धरणावरून पुढे जात किंडर स्काउटच्या बंदी असलेल्या माळावर सामूहिक प्रवेश केला. त्यांतल्या काहींना तुरुंगवास झाला. त्या लढ्याची परंपरा पुढे २००० सालच्या कायद्यापर्यंत पोहोचली आणि डोंगरमाथ्यावरील विस्तीर्ण मोकळी जमीन लोकांना खुली झाली. पण ती खुली झाली पायी फिरण्यासाठी. नकाशावर पिवळसर रंगात दाखवलेल्या त्या पठारावर वाट सोडून कोठेही चालता येते, सायकलला मात्र तेथेही ब्रायडलवेचीच रेघ धरून जावे लागते.

ज्यांना या कटकटीत न पडता शांतपणे फिरायचे आहे त्यांनी डरवेंट खोऱ्यात जावे. हाउडन धरण १९१२ मध्ये आणि डरवेंट धरण १९१६ मध्ये पूर्ण झाले, तर सर्वांत खालचे लेडीबॉवर १९४५ मध्ये सहाव्या जॉर्ज राजाच्या हस्ते सुरू झाले. त्याच्या पाण्याखाली अ‍ॅशॉप्टन आणि डरवेंट ही दोन गावे गेली. डरवेंटच्या चर्चचा मनोरा पाण्याबाहेर डोकावत होता, तोही १९४७ मध्ये पाडण्यात आला. पश्चिम काठाने डांबरी रस्ता जातो आणि पूर्व काठाने झाडीतून रुंद ब्रायडलवे. दोन्ही वाटा खोऱ्याच्या वरच्या टोकाला स्लिपरी स्टोन्स येथील दगडी पुलाशी जुळतात. हा पूल मूळचा डरवेंट गावातला. गाव बुडण्यापूर्वी त्याचे दगड क्रमांक घालून सुटे केले आणि १९५९ मध्ये तो येथे पुन्हा उभारला. कठडे इतके बुटके आहेत की तट्टाच्या पाठीवरची गाठोडी त्यांना अडू नयेत, आणि सायकलचे हँडलही अडत नाही.

इंग्लंड आणि वेल्समधल्या सार्वजनिक वाटांचा विचार केला तर फुटपाथांचा वाटा ब्रायडलवेंपेक्षा कितीतरी मोठा आहे. इंग्लंडपुरते पाहिले तर वाटांच्या एकूण लांबीपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक लांबी केवळ चालणाऱ्यांसाठी राखलेली आहे. सायकलस्वारांच्या संघटना हा वाटा वाढवून मागतात, चालणाऱ्यांपैकी काहींना ते नको असते, आणि अरुंद वाटेवर वेगाने उतरणारी सायकल समोरून येताना पाहिली की त्यांची भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही. स्कॉटलंडमध्ये हा भेद जवळजवळ मिटला आहे. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने तेथे जबाबदारीने वागण्याच्या अटीवर बहुतेक सर्व जमिनीवर पायी, घोड्यावर आणि सायकलवर फिरण्याचा हक्क दिला. त्यामुळे एडिंबरोहून येणाऱ्या मित्राने पीक डिस्ट्रिक्टमधला पिवळा बाण पाहून सायकल तशीच पुढे काढली, तर त्याला थांबवून निळ्या बाणाची वाट दाखवावी लागते.