मोठ्या निगेटिव्हसाठी जुनी फिल्म: डबा उघडण्याआधी आणि नंतर

सायनोटाइपची निळी छपाई जॉन हर्शल यांनी १८४२ साली शोधली. तिचा कागद इतका मंद असतो की एन्लार्जरच्या (निगेटिव्ह मोठी करून छापणाऱ्या यंत्राच्या) दिव्याने त्यावर काही उमटत नाही. ऊन किंवा अतिनील दिवा लागतो आणि निगेटिव्ह कागदाला टेकवूनच छापावं लागतं. म्हणजे दहा इंची चित्र हवं तर निगेटिव्हही दहा इंची हवी. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हवरून ती डार्करूममध्ये बनवायची, तर आधी फिल्मवर पॉझिटिव्ह आणि त्यावरून मोठी निगेटिव्ह, असे दोन टप्पे होतात. हे एका टप्प्यात करणारी कोडॅकची डुप्लिकेटिंग फिल्म केव्हाच बंद झाली.

अशा मोठ्या, स्वस्त फिल्मचे खरे गिऱ्हाईक छापखाने आणि एक्स-रे विभाग होते. संगणकावरून थेट छपाईची प्लेट निघू लागली, एक्स-रे डिजिटल झाला आणि मागणी आटली. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ एक्स-रे फिल्मही गेली. त्यामुळे ठाण्यात शोध घ्यायचा तर कॅमेऱ्याच्या दुकानांपेक्षा वागळे इस्टेट, तुर्भे, महापे इथल्या जुन्या ऑफसेट प्रेसमध्ये विचारावं. प्लेट बनवणाऱ्या माणसाला ‘लिथो फिल्म’ म्हटलं की लगेच कळतं. वेल्डिंगचे सांधे रेडिओग्राफीने तपासणारेही फिल्म वापरतात.

डब्यावरच्या नावापेक्षा दोन गोष्टी विचाराव्यात, असं माझं ठाम मत आहे: फिल्मला कोणता रंग दिसतो आणि तिचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे गडद आणि फिकट भागांतला फरक, किती आहे.

फिल्मवरच्या प्रकाश टिपणाऱ्या रसायनाला, सिल्व्हर ब्रोमाइडला, मुळात निळा आणि अतिनील प्रकाशच कळतो. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल यांनी दाखवलं की योग्य रंगद्रव्य मिसळलं की त्याला हिरवाही कळू लागतो. अशी ऑर्थो फिल्म लाल दिव्याखाली हाताळता येते. आपली मूळ निगेटिव्ह कृष्णधवल असल्याने लाल न दिसण्याने काहीच बिघडत नाही, उलट ट्रेमध्ये चित्र उमटताना डोळ्यांनी बघता येतं. शिकणाऱ्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

कॉन्ट्रास्टची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. लिथो फिल्म अक्षरं आणि ठिपके छापायला बनवलेली, त्यामुळे तिला काळं आणि पारदर्शक एवढंच हवं असतं. तिच्या खास डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या द्रावणात) हायड्रोक्विनोन असतं आणि सल्फाइट मुद्दाम फार कमी ठेवलेलं असतं. डेव्हलप होताना हायड्रोक्विनोनचं ऑक्सिडेशन होऊन जे पदार्थ तयार होतात, ते शेजारच्या कणांचं डेव्हलपिंग आणखी वेगाने घडवतात. काळा भाग स्वतःच स्वतःला काळा करत सुटतो. सल्फाइट भरपूर असलं तर ते हे पदार्थ लगेच निकामी करतं. म्हणून राखाडी छटा हव्या असतील तर लिथोचा डेव्हलपर बाजूला ठेवून कागदाचा किंवा फिल्मचा साधा डेव्हलपर बराच पातळ करून वापरावा. मात्र सगळा कॉन्ट्रास्ट मारू नका. साध्या ब्रोमाइड कागदाला निगेटिव्हच्या गडद आणि फिकट भागांच्या घनतेत १ च्या आसपास फरक पुरतो, म्हणजे प्रकाश दहापट अडतो. सायनोटाइपला त्याहून बराच जास्त लागतो.

मुदत उलटलेला डबा हाती आला की आधी धुक्याची, म्हणजे प्रकाश न देताही फिल्मवर येणाऱ्या राखाडीपणाची, चाचणी करावी. लाल दिव्याखाली मधल्या एखाद्या शीटच्या कडेपासून आतपर्यंत जाणाऱ्या दोन पट्ट्या कापायच्या. एक सरळ फिक्सरमध्ये (न वापरलेलं सिल्व्हर ब्रोमाइड काढून टाकणाऱ्या द्रावणात), दुसरी प्रकाश न देता नेहमीइतका वेळ डेव्हलपरमध्ये आणि मग फिक्सरमध्ये. धुऊन दोन्ही पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवा. पहिली पारदर्शक दिसेल. दुसरी जितकी राखाडी, तितकं धुकं. सगळीकडे सारखं आणि हलकं असेल तर चालतं, छपाईचा वेळ थोडा वाढतो. डेव्हलपरमध्ये पोटॅशियम ब्रोमाइड घातलं तर धुकं आणखी कमी होतं. कडेला गडद आणि मध्ये फिकट असेल, तर ओल किंवा प्रकाश आत शिरलेला आहे. तो डबा घेऊ नये.

एक्स-रे फिल्म मिळायला सोपी, पण बहुतेक वेळा तिच्या दोन्ही बाजूंना इमल्शन (प्रकाश टिपणारा थर) असतं आणि ते ओलं असताना नखानेही ओरखडतं. शिवाय दोन थरांमध्ये आधाराच्या प्लास्टिकची जाडी असल्याने बारीक तपशील किंचित मऊ होतो. फिक्स झाल्यावर फिल्म काचेवर कडा सील करून चिकटवतात आणि वरचा थर घरगुती ब्लीचने काढून टाकतात. मॅमोग्राफीची फिल्म एकाच बाजूची असते. ती मिळाली तर आधी घ्या. नवीनच घ्यायची तर इलफर्डची ऑर्थो प्लस शीटमध्ये येते. ती महाग आहे, पण छटा सुंदर देते.

घेतलेली फिल्म हवाबंद पिशवीत, फ्रिजमध्ये ठेवावी. आपल्याकडच्या जुलैत मात्र बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. थंड फिल्मवर हवेतलं पाणी जमतं आणि शीट एकमेकांना चिकटतात. डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत काही तास बंदच राहू द्या.