वनस्पती उद्यानासाठी मंडळ नोंदवताय? अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात मे महिन्याच्या उन्हात पाणी घालायला, झाडांवर नावाच्या पाट्या लावायला, शाळेच्या पोरांना अंजन आणि सालई यातला फरक दाखवायला माणसं लागतात. जळगाव-धुळ्याकडे अशी माणसं मिळतातही. पण अशा माणसांच्या मंडळाला देणगी घ्यायची, बँकेत खातं उघडायचं म्हटलं की नोंदणी लागते, आणि चांगली उत्साही मंडळी तिथे हेलपाटे घालून थकतात. अर्ज बहुधा त्याच त्या तीन-चार जागी अडतो, म्हणून हे लिहितोय.

सोपा भाग आधी. संस्था नोंदणी अधिनियम 1860 खाली किमान सात सज्ञान माणसं लागतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचं नाव घालण्यापूर्वी त्याची 18 वर्षं पुरी झालीत का बघा. विद्यापीठाचे कर्मचारी पदाधिकारी होणार असतील तर त्यांनी आपल्या कार्यालयाची परवानगी आधी काढावी. सातही जण एकाच घरातले घालू नका. ज्या जिल्ह्यात मंडळाचा पत्ता, त्या जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज. तो ऑनलाइन भरता येतो. सोबत घटनापत्र (मंडळाचं नाव, पत्ता, उद्दिष्टं सांगणारा कागद), नियमावली, सर्वांची संमतीपत्रं, एकाला दिलेलं अधिकारपत्र, प्रतिज्ञापत्र, ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे. नियमावलीची प्रत बरोबर असल्याबद्दल कार्यकारिणीतल्या किमान तिघांच्या सह्या हव्यात. घाईत एकटे अध्यक्षच सही ठोकतात आणि कागद परत येतो.

आता खरी अडचण, म्हणजे पत्ता. बहुतेक जण मंडळाचा पत्ता म्हणून उद्यानाचाच पत्ता टाकतात आणि सोबत विभागप्रमुखांचं पत्र जोडतात. धर्मादाय कार्यालयाच्या खिडकीवर पहिला प्रश्न येतो, ‘भाऊ, जागा तुमची का विद्यापीठाची?’ विभागप्रमुख कितीही भले असले तरी विद्यापीठाची जागा वापरायला देण्याचा अधिकार त्यांना नसतो. ना हरकत लागेल ती कुलसचिवांच्या सहीची, आणि तिच्यामागे बहुधा व्यवस्थापन परिषदेची मंजुरी. विद्यापीठात गेलात की ऐकायला मिळतं, ‘आधी नोंदणी करून आणा, मग पत्र देऊ.’ धर्मादाय कार्यालय म्हणतं, आधी पत्र आणा. दोन्ही टेबलांवरचे लोक नियमाने बोलतात, मधल्या मध्ये मरण अर्जदाराचं!

यातून वाट एकच. नावात विद्यापीठ घालू नका, पत्ताही विद्यापीठाचा देऊ नका. एखाद्या सभासदाच्या घराचा पत्ता द्या; घरमालकाचं संमतीपत्र, घरपट्टीची पावती, वीजबिल जोडा. उद्दिष्टांत ‘उद्यान चालवणे’ असं न लिहिता ‘विद्यापीठाच्या पूर्वपरवानगीने उद्यानाच्या कामास साहाय्य करणे’ असं लिहा. विद्यापीठाशी लेखी करार नोंदणीनंतर, रीतसर.

घराच्या पत्त्यातही एक मेख आहे. घरपट्टी कोणाच्या नावावर आहे ते पावती हातात घेऊन वाचा. आपल्याकडे वडील वारून वर्षं लोटतात, पावतीवर नाव त्यांचंच असतं. मग संमती देणार कोण? वारस लागेपर्यंत थांबण्यापेक्षा ज्याची पावती स्वतःच्या नावावर आहे असा सभासद शोधा.

दुसरी मेख खास आपल्या भागातली. लेवा पाटील मंडळींत आधारवर ‘पाटील’, जुन्या दाखल्यावर ‘चौधरी’ हे सर्रास आढळतं. घरच्यांना, गावाला ठाऊक असतं माणूस एकच, पण कागद तपासणाऱ्याला दोन माणसं दिसतात. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच द्या, त्रुटीपत्र, म्हणजे अर्जातल्या उणिवा कळवणारं पत्र, येण्याची वाट बघू नका. आणि सभेच्या इतिवृत्तात ‘नाना’, ‘आप्पासाहेब’ असं लिहू नका हो. आधारवर असेल तेच पूर्ण नाव लिहा.

उद्दिष्टं लिहिताना कंजूषी नको. 1860 च्या कायद्याच्या कलम 20 मध्ये विज्ञानाच्या प्रसारासोबत निसर्गेतिहासाच्या संग्रहांचाही उल्लेख आहे, त्यामुळे आपलं काम तिथे नीट बसतं. पण पावसाळ्याच्या तोंडावर रोपं विकून चार पैसे उभे करायचे असतील तर रोपवाटिका आणि रोपविक्री उद्दिष्टांतच हवी, ‘मिळकत मंडळाच्याच कामाला लावू’ या वाक्यासह. नंतर उद्दिष्ट बदलायचं तर विशेष सभेत तीन पंचमांश मतं, आणि महिन्याच्या अंतराने दुसरी सभा घेऊन पुन्हा तेवढीच मतं. एवढी माणसं दोनदा जमवून बघा म्हणजे कळेल. मंडळ बंद पडलं तर शिल्लक मालमत्ता सभासदांत वाटली जाणार नाही, हेही नियमावलीत लिहा.

मुदतीचा घोळ यापुढे सुरू होतो. 1860 च्या कायद्याचं प्रमाणपत्र हाती आलं की गंगेत घोडं न्हालं समजून पेढे वाटले जातात. अहो, अर्धंच काम झालं! महाराष्ट्रात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम 1950 खालची नोंदणीही लागते, आणि कलम 18 प्रमाणे तो अर्ज न्यास (म्हणजे इथे आपलं मंडळ) अस्तित्वात आल्यापासून तीन महिन्यांत करायचा असतो. प्रमाणपत्र चौकट करून भिंतीवर लावणाऱ्यांची ही मुदत हमखास चुकते. मग उशीर माफ करा म्हणून वेगळा अर्ज, त्याची वेगळी तारीख.

तशीच मुदत फेरफार अर्जाची, म्हणजे पदाधिकाऱ्यांतला बदल कळवण्याची. सचिव बदलले, कोणी राजीनामा दिला, तर त्याच 1950 च्या कायद्याच्या कलम 22 खाली 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचं. हे 90 दिवस बदल झाल्या दिवसापासून मोजतात, तुम्हाला कागद करायला सवड मिळाली त्या दिवसापासून नाही. फेरफार मंजूर नसला की बँक नव्या सह्या घ्यायला कुरकुर करते. उद्यानाच्या ठिबकचे पैसे खात्यात आणि सही चालणारा माणूस मुलाकडे पुण्याला, अशी पाळी येते. हिशेब दरवर्षी 31 मार्चला बंद करून लेखापरीक्षण करून घ्या, देणगी हजारभर रुपयांची असली तरी.

दोन्ही प्रमाणपत्रं, पॅन आणि खातं झालं की मंडळींना सातपुड्यातून रोपं आणायची घाई होते. यावल अभयारण्यातून बी, फांदी किंवा रोप उचलायला मंडळाची नोंदणी चालत नाही. त्यासाठी वनखात्याची लेखी परवानगी वेगळी, आणि ती हातात पडेपर्यंत गाडी काढू नका.