रेंजफाइंडर कॅमेऱ्यांचा संग्रह (ठाणे व नवी मुंबई)

रेंजफाइंडर कॅमेऱ्यांचा संग्रह : दोन खिडक्यांतून येणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणून ज्यात समोरच्या वस्तूचे अंतर ठरवले जाते आणि ते मोजमाप भिंगाच्या फोकसशी यांत्रिक रीतीने जोडलेले असते, असे जुने कॅमेरे जमवण्याचा, दुरुस्त करून वापरण्याचा व आपसांत देवघेव करण्याचा छंद. 'पल्लामापक' किंवा 'अंतरमापी' असे मराठी प्रतिशब्द करता येतात; तथापि छांदिष्टांच्या बोलण्यात 'रेंजफाइंडर' किंवा नुसते 'आरएफ' हेच शब्द रुळले असल्याने या नोंदीतही तेच वापरले आहेत. 'जुना' म्हणजे कधीपर्यंतचा, यावर एकमत नाही. साधारणपणे १९८० पूर्वीचे कॅमेरे जुने धरले जातात. काही जण १९८४ च्या लायका एम-६ या जर्मन कॅमेऱ्यापर्यंत ही मर्यादा पुढे नेतात, पण त्यात हौसेचा भाग अधिक दिसतो.

तत्त्व : ही रचना मुळात त्रिकोणमितीची आहे. दोन खिडक्यांमधील अंतराला आधाररेषा म्हणतात. मुख्य खिडकीतून दिसणाऱ्या दृश्यावर दुसऱ्या खिडकीतील प्रतिमा अर्धपारदर्शक आरशाच्या साहाय्याने टाकली जाते आणि दृश्याच्या मध्यभागी फिकट पिवळसर चौकटीत ती दुहेरी दिसते. भिंगाचे कडे फिरवले की आतील आरसा किंवा लोलक किंचित वळतो; दोन्ही प्रतिमा एक झाल्या की फोकस बरोबर बसला असे समजावे. आधाररेषा ५० मि.मी. असेल तर ५ मी. अंतरावरील वस्तूसाठी दोन्ही दृष्टिरेषांमधील कोन सुमारे ३४ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) होतो व १० मी.साठी तो १७ कलांवर येतो. निरोगी डोळ्याला साधारणतः १ कलेइतका फरक जाणवतो, म्हणून अंतर वाढेल तशी चूक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जाते. आधाररेषेला दृश्यदर्शकाच्या वर्धनाने गुणले की 'परिणामी आधाररेषा', म्हणजे प्रत्यक्षात उपयोगी पडणारी लांबी, मिळते. लायका एम-३ (१९५४) मध्ये सुमारे ६८.५ मि.मी. गुणिले ०.९१, म्हणजे जवळपास ६२ मि.मी. असा हा हिशेब आहे; ३ मी. अंतरावर या कॅमेऱ्याची चूक सुमारे ४ सें.मी. येते. ही 'परिणामी आधाररेषा' २० मि.मी. इतकीच असेल तर तीच चूक १३ सें.मी.पर्यंत जाते. स्वस्त रेंजफाइंडरांना एफ/१.७ पेक्षा मोठ्या छिद्राची भिंगे क्वचितच दिली जात, त्यामागचे एक कारण हे असावे.

उगम : प्रकाशकीय पल्लामापन तोफखान्यातून आणि आरमारातून आले. ग्लासगोच्या बार व स्ट्राउड या जोडीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश आरमारासाठी केलेली उपकरणे त्याचा पाया मानली जातात. कॅमेऱ्यातील पहिला जोडलेला रेंजफाइंडर कोणता, हा मात्र वादाचा मुद्दा आहे. अनेक लोकप्रिय लेखांत हा मान १९३२ च्या लायका-२ ला किंवा त्याच वर्षीच्या झाइस इकॉनच्या काँटॅक्स-१ ला दिलेला आढळतो. त्यांपैकी आधी कोण, यावर दोन्ही बाजूंचे चाहते अजूनही महिन्यांचा हिशेब मांडतात. पण कोडॅकच्या ३-ए ऑटोग्राफिक स्पेशल या पोस्टकार्ड आकाराच्या घडीच्या कॅमेऱ्यात १९१६ मध्येच भिंगाशी जोडलेला रेंजफाइंडर होता. त्यामुळे १९३२ चा मान '३५ मि.मी. फिल्मवरील पहिला' इतकाच मर्यादित करणे अधिक योग्य वाटते. लायकाचा रचनाकार ऑस्कर बार्नाक याचा मूळ नमुना (१९१३-१४) आणि १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत मांडलेला लायका-१ या दोहोंत जोडलेला रेंजफाइंडर नव्हता. अंतर अंदाजाने किंवा वर खोचायच्या सुट्या उपकरणाने ठरवावे लागे. दृश्यदर्शक व रेंजफाइंडर एकाच डोळ्याच्या खिडकीत आणण्याचे श्रेय काँटॅक्स-२ (१९३६) कडे जाते. लायकाला ही सोय एम-३ पर्यंत, म्हणजे तब्बल अठरा वर्षे, करता आली नाही.

कुळे : संग्राहक कॅमेऱ्यांची विभागणी जर्मन, सोव्हिएत व जपानी अशी करतात. सोव्हिएत कुळाचा प्रारंभ खारकिव येथील झेर्झिन्स्की कम्यूनमध्ये झाला. आंतोन माकारेंको या शिक्षणतज्ज्ञाच्या देखरेखीखाली वाढलेल्या अनाथ मुलांच्या या वसाहतीत १९३४ पासून लायकाची प्रतिकृती तयार होऊ लागली आणि फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्की या सोव्हिएत नेत्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून (रशियनमध्ये एफ, ई, डी) तिला 'फेड' हे नाव मिळाले. युद्धोत्तर काळात क्रास्नोगोर्स्क येथे झोर्की (१९४८) आणि जर्मनीतून नुकसानभरपाईदाखल नेलेल्या काँटॅक्सच्या सामग्रीवर कीव्ह शहरात त्याच नावाचा कीव्ह (१९४७) हे कॅमेरे निघाले. कीव्हच्या क्रमांकाचे पहिले दोन अंक सहसा उत्पादनाचे वर्ष दर्शवतात, त्यामुळे त्याचा काळ ठरवणे सोपे जाते.

सोव्हिएत भिंगे लायकावर नीट फोकस होतात की नाही, या प्रश्नाने मात्र बरीच शाई खर्ची पडली आहे. लायकाची यंत्रणा ५१.६ मि.मी. या प्रमाण नाभीय अंतरावर, तर काँटॅक्सची सुमारे ५२.४ मि.मी.वर बेतलेली होती. सोव्हिएत स्क्रू-माउंट (आट्यांनी बसणाऱ्या) भिंगांनी काँटॅक्सचे प्रमाण उचलले, असे एका गटाचे म्हणणे आहे. दुसऱ्या गटाच्या मते चूक प्रमाणाची नसून दुरुस्तीवाल्यांनी भिंग उघडून पुन्हा बसवताना वॉशरची जाडी चुकवल्याची असते. प्रत्यक्षात ५० मि.मी. भिंगाचे छिद्र थोडे लहान केले की फरक फारसा दिसत नाही, पण ८५ मि.मी. एफ/२ भिंगात तो स्पष्ट दिसतो. त्यावरून पहिले मत ग्राह्य मानावे लागते. मात्र सरसकट प्रत्येक भिंगाला ते लागू करू नये.

जपानी कुळात १९३६ चा हान्सा कॅनन (त्याचे भिंग निप्पॉन कोगाकूने, म्हणजे पुढच्या निकॉनने, बनवलेले होते), १९४८ चा निकॉन-१ आणि नंतरचे घरगुती कॅमेरे येतात. १९६२ मध्ये अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी पृथ्वीप्रदक्षिणेत नेलेला कॅमेरा मिनोल्टा हाय-मॅटिक होता, त्यावर फक्त अॅन्स्को या अमेरिकी कंपनीचे नाव होते.

ठाणे व नवी मुंबई : स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे कॅमेऱ्यांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. मध्यमवर्गीय घरांत प्रामुख्याने बडोद्यात तयार होणारा आगफा क्लिक-३ असे, आणि त्यात फोकस ठरवण्याची गरजच नव्हती. यामुळे घरात रेंजफाइंडर असणे ही मिरवण्याची गोष्ट होती. येथील संग्रहांत जे नग आढळतात ते मुख्यत्वे जहाजावर नोकरी करणाऱ्यांनी, आफ्रिकेतून परतलेल्यांनी आणि १९७० नंतर आखातात गेलेल्यांनी आणलेले असावेत; याशिक्का इलेक्ट्रो ३५ (१९६६) आणि कॅनोनेट क्यूएल१७ जी-३ (१९७२) या जपानी कॅमेऱ्यांचे प्रमाण अधिक दिसते ते बहुधा यामुळेच. उरलेला माल मुंबईतून येतो. फोर्टमधील बोरा बाजार आणि चोर बाजारातील मटन स्ट्रीट ही दोन ठिकाणे त्यासाठी प्रसिद्ध आहेत. नवी मुंबईतील संग्राहकांना पूर्वी त्यासाठी हार्बर मार्गाने मुंबई गाठावी लागे. ठाणे-वाशी रेल्वेमार्ग २००४ मध्ये सुरू झाल्यावर खाडीच्या दोन्ही बाजूंच्या मंडळींना एकमेकांकडे जाणे सोयीचे झाले.

येथील छंदाचे वेगळेपण दुरुस्तीत आहे. वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची (१९६२) जन्मभूमी. तेथील आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत लेथ, ग्राइंडिंग व टूलरूमची कामे करणारी पिढी निवृत्त झाली, तेव्हा तिच्या हातांत मायक्रोमीटरची सवय होती. न मिळणारा स्क्रू वळवणे, कड्याची गेलेली आटी पुन्हा पाडणे किंवा बंद झालेल्या ५.६ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीऐवजी ६ व्होल्टची बॅटरी बसावी म्हणून पितळी नळी करून घेणे, ही कामे येथे परगावाइतकी अवघड जात नाहीत. कपाटात मांडून ठेवण्यापुरता संग्रह करणाऱ्याला येथे किंचित कमी प्रतिष्ठा आहे, असेही म्हणता येईल.

हवामान : पावसाळ्यात या पट्ट्यातील सापेक्ष आर्द्रता वारंवार ८० टक्क्यांच्या वर जाते, आणि साधारण ६५ ते ७० टक्क्यांपलीकडे भिंगावर बुरशी धरू लागते. ती प्रथम कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. तिच्यातून स्रवणारे आम्ल भिंगाच्या लेपावर कायमचे व्रण पाडते, आणि असे भिंग पुसून स्वच्छ झाले तरी पूर्ववत होत नाही. सर्वांत घातक वस्तू म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेली कातडी पिशवी. कातडे ओल धरून ठेवते. म्हणून पिशवी वेगळी ठेवून कॅमेरे स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवण्याची पद्धत आहे. निळे खडे गुलाबी झाले की ते तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे करून घेतात. ऑक्टोबरच्या उन्हात कॅमेरे बाहेर काढण्याची जुनी सवय अनेक घरांत आहे, पण पापड-कुरडयांचे वाळवण आणि लायकाचे वाळवण यांत मोठा फरक आहे. रेंजफाइंडरमध्ये भिंग आणि शटर यांच्यामध्ये आरसा नसतो. झाकण न लावलेले भिंग सूर्याकडे राहिले तर त्यातून एकवटलेले ऊन शटरच्या कापडी पडद्याला काही क्षणांत भोक पाडते. कीव्हचा पडदा धातूच्या पट्ट्यांचा असल्याने त्याला ही भीती कमी, मात्र त्या पट्ट्या ज्या रेशमी फितींवर चालतात त्या झिजतात आणि एखाद्या दिवशी सुटतात.

पारख : रेंजफाइंडर जुळलेला आहे का, हे पाहण्यासाठी कडे अनंतावर ठेवून दूरची उभी कड पाहतात. मासुंदा तलावाच्या एका काठावरून पलीकडच्या इमारतीची कड किंवा वाशीच्या खाडीकिनाऱ्यावरून पुलाचे खांब ही सोयीची लक्ष्ये आहेत. वस्तू ३०० मी.वर असेल तर ६२ मि.मी.च्या 'परिणामी आधाररेषे'लाही कोन सुमारे ०.७ कला इतकाच भरतो, म्हणजे डोळ्याच्या दृष्टीने ते अनंतच झाले. रात्री चंद्र पुरतो : दोन चंद्र एकावर एक बसले तर आडवी जुळणी बरोबर, एक वर, एक खाली राहिला तर उभी जुळणी बिघडलेली. ही उभी जुळणी सुधारणे अधिक किचकट असते. कीव्ह किंवा काँटॅक्स डोळ्याला लावताना मधले बोट हमखास रेंजफाइंडरच्या खिडकीवर येते, आणि नवखा माणूस यंत्र बिघडले असे समजून ते परत करतो.

याशिक्का इलेक्ट्रो हातात घेतली की जाणकार आधी बॅटरी न पाहता फिल्म पुढे ओढायचा खटका ओढून कान लावतो. आतून 'टक्' असा आवाज आला तर ठीक. न आल्यास आतील रबराचा लहानसा तुकडा विरघळून गेलेला असतो आणि शटरची वेळ चुकू लागते. बॅटरीविना हा कॅमेरा फक्त १/५०० सेकंदावर चालतो. कॅनोनेटचे तसे नाही. त्याचा प्रकाशमापक बंद पडला तरी छिद्र व वेग हाताने लावता येतात. त्याच्या १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीला पर्याय म्हणून श्रवणयंत्राची झिंक-एअर बॅटरी बसवतात.

बनावट लायका हा या बाजारातील जुना रोग आहे. फेड किंवा झोर्कीवरील मूळ नाव घासून, सोनेरी मुलामा देऊन, त्यावर बर्लिन ऑलिंपिक किंवा जर्मन हवाई दलाची चिन्हे कोरलेले नग सर्रास फिरतात. भिंग काढून आत पाहिले तर फरक कळतो. खऱ्या लायकात भिंगाला टेकणाऱ्या दांडीच्या टोकाला फिरणारी छोटी चकती असते, सोव्हिएत कॅमेऱ्यात तेथे गोलसर जिभेसारखा धातूचा तुकडा असतो. असे नग काही जण मुद्दामच घेतात. बनावट म्हणून ते स्वतंत्र उपसंग्रहाचा विषय ठरले आहेत.

देवघेव : येथील मंडळी ओळखीने बांधलेली आहेत. नगांची अदलाबदल, सुट्या भागांसाठी एक मृत कॅमेरा दोघांत वाटून घेणे आणि दुरुस्तीच्या मोबदल्यात रोल देणे हे प्रकार रोखीच्या व्यवहाराइतकेच चालतात. जुन्या घरातून कॅमेरा आला की मागचे झाकण उघडण्याआधी रोल गुंडाळायची मूठ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून पाहण्याचा दंडक आहे. मूठ मोकळी फिरली तर आत काही नाही, ताण लागला तर रोल आहे. असा रोल रंगीत असला तरी तो सहसा कृष्णधवल रसायनांतच धुतात, कारण १९७२ पूर्वीच्या कोडाकलर रोलची सी-२२ ही प्रक्रिया आता बंद झाली आहे, आणि इतक्या वर्षांनी रंग जरी गेले तरी चांदीतली प्रतिमा बऱ्याचदा शाबूत असते.