गुलमर्गच्या बॅककंट्री दिवसाला येणाऱ्या मंडळींसाठी, आधी हे वाचा

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत गुलमर्गला स्कीइंगला जायच्या बॅचला नाव दिलेल्या सगळ्यांना हे माहितीपत्रक देतोय. बहुतेक सगळे मित्रामित्रांचे ग्रुप आहेत, पन्हाळा ते पावनखिंड पावसात चाललेले, दमसास चांगला असलेले, त्यामुळं "आम्हाला काय सांगायचं" असं वाटेल, पण बर्फाचं गणित वेगळं असतंय म्हणून शेवटपर्यंत वाचा.

बॅककंट्री म्हणजे काय हे आधी. गुलमर्गचा गंडोला, म्हणजे रोपवे, दोन टप्प्यात चालतो, फेज वन कोंगडोरीपर्यंत आणि फेज टू अफरवट डोंगराच्या खांद्यावर, साधारण 3,950 मीटर म्हणजे जवळपास 13,000 फूट. आपलं कोल्हापूर 1,800 फुटांच्या आसपास, पन्हाळा 3,000 च्या थोडं वर, यावरून अंदाज घ्या. वरून गंडोलाच्या आजूबाजूचा जो उतार आहे तिथं स्की पेट्रोलचं, म्हणजे उतारावरच्या सुरक्षा पथकाचं, लक्ष असतंय. त्या हद्दीच्या दोरीपलीकडं पाऊल टाकलं की बॅककंट्री, तिथं बर्फ कुणी तपासलेला नसतो, कुणी दाबलेला नसतो, आणि काय झालं तर पहिली मदत म्हणजे तुमच्यासोबत असलेले मित्रच.

हीच गोष्ट आम्हाला सगळ्यात जास्त पटवून द्यायचीय. हिमस्खलनात माणूस गाडला गेला तर जगण्याची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत असते, त्यानंतर ती झपाट्यानं कमी होते. खालून टीम वर यायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतोय. म्हणजे तुम्हाला बाहेर काढणारा तोच, जो काल रात्री तुमच्या शेजारच्या बेडवर झोपला होता. त्याला बीकन (अंगावर बांधायचं, गाडलेल्याला शोधायचं सिग्नल यंत्र) वापरता येतंय का नाही, यावर तुमचं सगळं अवलंबून आहे.

म्हणून तयारी आपण इथंच करतो. करवीर तालुक्यातल्या एका ओळखीच्या गुऱ्हाळावर जानेवारीत चिपाडाचा मोठा ढीग असतो, त्यात आम्ही एक चालू बीकन पिशवीत घालून पुरून ठेवतो आणि तुम्ही शोधायचा. बीकन 457 किलोहर्ट्झवर सिग्नल सोडतो, दुसरा बीकन सर्चवर टाकला की दिशेचा बाण आणि मीटरमधल्या अंतराचा आकडा दाखवतो. गेल्या वर्षी एक जण पळत सुटला, आकडा 2.1, मग 1.4, 0.9, आणि परत 1.3, तरी हा पुढंच. आकडा वाढला की थांबायचं, बीकन खाली पृष्ठभागाजवळ आणायचा, मागं-पुढं, मग डावं-उजवं हळू फिरवायचं, सगळ्यात कमी आकडा जिथं येतो तिथं प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून बघायची लांब काठी, पृष्ठभागाला काटकोनात घालायचा, नाही लागला तर वीतभर अंतरानं गोल गोल. त्याला पहिल्या वेळी अकरा मिनिटं लागली, तिसऱ्या वेळी चारच्या आत आला. मोबाइल तेवढा लांब ठेवायचा, बीकनपासून एरवी वीतभर आणि शोधताना दोन-अडीच वीत तरी, नाहीतर सिग्नलची गडबड होते.

खणणं मात्र चिपाडात शिकता येत नाही, त्यासाठी ओल्या वाळूचा ढीग टाकून घेतो. घसरून आलेला बर्फ थांबला की घट्ट बसतो, एक घनमीटर म्हणजे 300-400 किलो आरामात, त्यामुळं प्रोब तिथंच ठेवून उताराच्या खालच्या बाजूनं आत शिरायचं आणि पुढचा दमला की मागच्यानं जागा घ्यायची. फावडं धातूचंच, प्लॅस्टिकचं चालणार नाही.

हे सगळं आम्ही एवढं का लावून धरतो, तर पहिल्यांदा आम्ही स्वतः गेलो तेव्हा एका ठिकाणाहून भाड्यानं घेतलेल्या बीकनची बॅटरी 30 टक्क्यांवर होती, आणि ते आमच्या लक्षात वर गेल्यावर आलं. त्या दिवशी आम्ही खाली उतरलो, पण ती भीती अजून अंगात आहे. अफरवटवर फेब्रुवारी 2023 मधे दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात गेले, 22 फेब्रुवारी 2024 ला एक रशियन. ही माणसं नवखी म्हणून गेली असं समजू नका.

आता दिवस कसा जातो ते. सकाळी हवामान आणि स्की पेट्रोलचा इशारा बघूनच ठरतं. रात्री भरपूर बर्फ पडला किंवा जोराचा वारा असला तर फेज टू बंद राहतो, आणि चालू असला तरी नव्या बर्फानंतर एक-दोन दिवस आपण 30 अंशांच्या वरच्या उघड्या उतारावर जात नाही. हिमस्खलनं बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारावरच होतात, आणि स्कीइंगला मजा पण त्याच उतारावर येते, हीच अडचण आहे. अशा दिवशी आपण झाडांतून बाबारेशीकडं उतरतो. उंच झाडं, मऊ भुसभुशीत बर्फ, खाली दर्गा आणि गाव, तिथून गाडीनं परत वर. खरं सांगायचं तर आमचा आवडता दिवस हाच. चढायचं असेल तेव्हा स्कीला खालून स्किन, म्हणजे केसाळ पट्टी, चिकटवायची, ती पुढं सरकते पण मागं घसरत नाही, बाइंडिंगची (बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या पकडीची) टाच मोकळी सोडायची आणि पाय न उचलता सरकवत चालायचं. उतरताना एकावेळी एकच जण, बाकीचे सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवणार.

ग्रुपचा एक नियम कुणासाठी बदलणार नाही. कुणी एकानं "मला नको वाटतंय" म्हटलं की सगळे परत, का म्हणून विचारायचं पण नाही. "चल भावा, काय होत नाही" हे वाक्य रंकाळ्यावर ठीक आहे, तिथं वर नाही.

ज्यांनी अजून स्की पायात घातलीच नाही त्यांनी यावर्षी बॅककंट्रीचा हट्ट करू नका, आधी गुलमर्ग किंवा औलीला कोर्स करा, पैसे परत देऊ किंवा पुढच्या वर्षी घेऊ.

किरकोळ पण महत्त्वाचं: आपल्याकडचं प्रीपेड सिम काश्मीरमधे चालत नाही, पोस्टपेड घ्या. सुती बनियन अजिबात नको, घामानं ओला झाला की थंडी हाडात जाते. गॉगल आणि सनस्क्रीन ढगाळ असलं तरी हवंच, हनुवटीखाली पण लावा कारण ऊन बर्फावरून उलटं येतं. खिशात गूळ-शेंगदाणे. इन्शुरन्समधे साहसी खेळ वगळलेत का ते नीट वाचून घ्या.

सराव जानेवारीच्या पहिल्या दोन रविवारी, सकाळी 7 ला. दोन्हीला यायचं, एकाला आला आणि एकाला नाही असं चालणार नाही. बीकनच्या बॅटऱ्या आणू नका, नवीन अल्कलाइन आम्ही देतो आणि तुमच्यासमोर घालतो.